सीतारामराव तीनदा विचारतात

तंजावुरात आमच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत कुणाचा कंप्यूटर बंद पडला, की लोक तो आधी दुकानात नेतात आणि दुकानानं हात वर केले की मग सीतारामरावांकडे जातात. त्यांच्याकडे आधी न जाण्याचं कारण एकच. ते फार विचारतात. दुकानात पेटी टेबलावर ठेवली, नाव सांगितलं, की आपण मोकळे. सीतारामराव मात्र पेटीला हात लावायच्या आधी घरातल्या सगळ्यांना समोर बसवतात आणि विचारतात, "हात कुणाकुणाचा लागला?" काम निम्मं झालं की पुन्हा तेच. तरीही दोष सापडला नाही तर तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदाही कुणी काही बोललं नाही, तर पेटी बंद करून निघून जातात ते परत येत नाहीत.

"डॉक्टरला खोटं सांगितलं तर रोगी मरतो गे," ते मला एकदा म्हणाले होते. "मला खोटं सांगितलं तर मी मरतो. या वयात परवडत नाही."

वय एकाहत्तर. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली पहिली काही पापनाशम गावाच्या बाजूला. इतकी वर्षं हेडफोन लावून डावा कान गेला, म्हणून बोलताना ते मान वळवून उजवा कान पुढे करतात. समोरच्याला वाटतं, हे आपल्यावर संशय घेताहेत. अंगात बनियन, खांद्यावर पंचा. दोरीनं आवळायच्या कापडी पिशवीत जुना टूथब्रश, शाळेतल्या पोरांचा खोडरबर, घड्याळजीचं भिंग आणि सायकलच्या स्पोकचा वाकवलेला आकडा. सुटे केलेले भाग ठेवायला चौकटीचौकटीचं एक जुनं धोतर असतं, एका चौकटीत एक भाग. पेटी उघडण्यापूर्वी अनवाणी उभं राहून खिडकीचा गज धरतात, अंगातली वीज जमिनीत जावी म्हणून. काम चालू असताना कॉफी घेत नाहीत. तंजावुरात जन्मलेला माणूस कॉफीला नाही म्हणतो, याचीच गल्लीत जास्त चर्चा.

गेल्या मार्गळीत ते आमच्या घरी आले. मार्गळी म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासूनचा आमच्याकडचा महिना. बायका पहाटे साडेचारला उठून दारात रांगोळी घालतात, दव इतकं पडतं की पीठ बोटाला चिकटतं.

माझे यजमान हनुमंतराव सर्व्हे खात्यात नकाशे काढायचे. त्यांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. घरात मी आणि मुलगी जननी. ती आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला, आणि तिची वर्षभराची सगळी ड्रॉइंग्ज वडलांच्या कंप्यूटरमध्ये. तिला नवा लॅपटॉप घेऊन देईन म्हटलं होतं. ती म्हणाली, नको, अप्पांच्या पेटीवरच करते. हनुमंतरावांची सवय अशी की पहाटे पाचच्या आत उठायचं आणि तोंड धुवायच्याही आधी कंप्यूटर चालू करायचा. "तापू दे जरा," म्हणायचे, जसा काही तो पाण्याचा बंब.

कार्तिकात त्या पेटीतला मदरबोर्ड जळाला. जननीनं नवा मदरबोर्ड, नवी रॅम आणि नवा पॉवर सप्लाय मागवला. पेटी जुनीच, हार्डडिस्कही जुनीच. व्हिडिओ बघून ती स्वतः बसवणार होती. मला बजावून ठेवलं, "अम्मा, यातल्या कशालाही हात लावायचा नाही. बोटाच्या विजेनंसुद्धा खराब होतं."

आणि मी हात लावला.

आमच्या घरी नवी वस्तू हळदकुंकवाचं बोट लागल्याशिवाय वापरायची नाही. फ्रिज, मिक्सर, स्कूटर, सगळ्यांना लागलेलं आहे. हनुमंतरावांना याचं फार. वस्तू खोक्यातून निघाली की हाक यायची, "धनम्, बोट लाव!" ते गेल्यावर घरात नवं असं काही आलंच नव्हतं. त्या दिवशी जननी आंघोळीला गेली होती. टेबलावर तो बोर्ड उघडा पडलेला, आणि मला ती हाक आठवली. माझ्या सासूबाईंनी घरी केलेलं कुंकू डबीत तसंच होतं, दोन वर्षं न उघडलेलं. विधवेनं ते हातात घेऊ नये असं मला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं, सांगावं लागतही नाही. मी पाण्यात कालवलं आणि बोर्डासमोर उभी राहिले. फ्रिजला दार असतं, स्कूटरला दिवा असतो. या हिरव्या पाटीचं कपाळ कुठलं ते कळेना. शेवटी उजव्या हाताचा खालचा कोपरा मोकळासा दिसला, तिथे बोट टेकवलं. तेवढ्यात न्हाणीघराची कडी वाजली. घाबरून पदरानं पुसलं आणि बाहेर आले.

संध्याकाळी जननीनं सगळं जोडलं आणि बटण दाबलं. काहीच नाही. पंखा नाही, दिवा नाही. तिनं तीन दिवस प्रत्येक केबल काढून परत लावली. दुकानदार घरी येऊन गेला. बोर्ड मुळातच खराब आला असेल, परत पाठवा, म्हणाला. तिनं पाठवला नाही, कारण त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तो चालू झाला.

मी रांगोळीचं पीठ घेऊन दाराकडे निघाले होते. जननीच्या खोलीच्या दाराखालून निळा उजेड आला. पंख्याचा आवाज, हनुमंतरावांच्या वेळी यायचा तसाच. मला वाटलं, पोरीला जमलं. दार ढकललं तर ती अंथरुणात उठून बसलेली, दोन्ही हात मांडीवर. टेबलाजवळ कुणी नव्हतं. मग उजेड गेला.

"कितीला?" तिनं विचारलं.

मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. पाच वाजायला सात मिनिटं होती.

दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही. त्याच सुमाराला चालू व्हायचा, चार सेकंद चालायचा, बंद पडायचा. मग दिवसभर बटण दाबा, हलवा, काहीही करा, मढ्यासारखा गप्प. जननी कॅलेंडरवर वेळा लिहू लागली. चार त्रेपन्न. चार त्रेपन्न. चार त्रेपन्न. पाचव्या दिवशी मी पाहिलं, तिनं टेबलासमोरची खुर्ची थोडी मागे ओढून ठेवली होती, माणसाला बसायला जागा होईल एवढी. सातव्या दिवशी टेबलावर कॉफीचा टंबलर होता.

"हा कुणाला?" मी विचारलं.

"तुला माहीत आहे."

ती कॉलेजला जाईना. सोमवारी ड्रॉइंग्ज द्यायची होती. हार्डडिस्क काढून दुसऱ्या कंप्यूटरला लावली तर निघतील, असं दुकानदारानं सांगितलं, तेव्हा ती पेटीला पाठ लावून उभी राहिली. "अप्पा इतका त्रास घेऊन चालू करताहेत, आणि तुम्ही त्यांचं पोट फाडताय?" दुकानदार खाली बघत निघून गेला. एका रात्री मी भिंतीवरचं बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे काही झालं नाही, आणि ती नऊ वाजेपर्यंत त्या काळ्या पडद्यासमोर बसून राहिली. मग उठली, बटणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ओरडली नाही. त्या दिवसापासून तिनं चटई त्या बटणाखाली टाकली आणि तिथेच झोपू लागली. जेवण म्हणजे दिवसाला एक पोळी. एकवीस वर्षांची पोर, डोळे पन्नाशीचे.

मला काय वाटत होतं ते आज लिहिते. तिला वाटत होतं, अप्पा तिच्यासाठी येताहेत. मला वाटत होतं, ते माझ्यासाठी येताहेत, मी ज्या हातानं ती डबी उघडली त्याचा जाब विचारायला. आणि ते मी कुणाला सांगणार?

शुक्रवारी संध्याकाळी मी सीतारामरावांना बोलावलं. जननीनं त्यांना आत येऊ दिलं ते एवढ्यासाठीच की ते हनुमंतरावांचे मित्र.

"तुझ्या बापानं सोळा वर्षांपूर्वी माझा स्क्रू ड्रायव्हर नेला," ते पंचा झटकत म्हणाले. "पिवळ्या मुठीचा. तो तेवढा परत करायला सांग, येतो आहे म्हणतेस तर."

जननी हसली नाही. मी हसले आणि लगेच लाज वाटली.

त्यांनी आम्हाला समोर बसवलं. "हात कुणाकुणाचा लागला?"

"माझा," जननी म्हणाली. "दुकानदाराचा."

त्यांनी मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला. मी मान हलवली. नाही.

गज धरून झाल्यावर त्यांनी पेटी उघडली. जननीला पेटीजवळ बसू दिलं आणि प्रत्येक गोष्ट काढण्याआधी तिला विचारलं, "काढू?" ती मान हलवायची, मग तो भाग धोतरावरच्या एकेका चौकटीत जायचा. हार्डडिस्कला त्यांनी हात लावला नाही, नुसती केबल सोडवली. पॉवर सप्लाय वेगळा घेऊन त्याच्या हिरव्या आणि काळ्या तारेत स्पोकचा आकडा अडकवला. पंखा भर्रकन फिरला. "हा धडधाकट आहे." रॅमच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवला. प्रोसेसरच्या चार तारा तपासल्या, कारण नवशिके त्याच विसरतात. जननी विसरली नव्हती. "शिकलीस कुठं गे?" त्यांनी विचारलं. "व्हिडिओ बघून," ती पुटपुटली. "आमच्या वेळेला साहेबाच्या शिव्या बघून शिकत होतो."

तरी बटण दाबलं की काहीच नाही.

"हात कुणाकुणाचा लागला?" दुसऱ्यांदा.

समोर जननी होती, तिच्या मागे ती मागे ओढलेली खुर्ची. "कुणाचा नाही," मी म्हणाले.

त्यांनी सगळं होतं तसं परत जोडलं, केबल होत्या तशाच. "उद्या पहाटे येतो," म्हणाले. "रोगी जेव्हा बोलतो तेव्हा ऐकलं पाहिजे."

ते साडेचारला आले, दवात भिजलेले, डोक्यावर पंचा. मी दिवा लावू लागले तर नको म्हणाले. आम्ही तिघं अंधारात बसलो. कॉफीचा टंबलर टेबलावर होता, जननीनं आजही ठेवला होता. सीतारामराव त्या खुर्चीत बसले नाहीत. जमिनीवर बसले, उजवा कान पेटीला लावून, डोळे मिटून, टेलिफोनच्या लाइनीवर बसायचे तसे. खिडकी उघडी होती. बाहेर कुणाच्या तरी दारात खराट्याचा आवाज आला आणि थांबला.

मग निळा उजेड. पंखा. जननी दोन्ही हातांनी माझं मनगट धरून होती, तिला कळतही नव्हतं. एक, दोन, तीन, चार. अंधार.

सीतारामरावांनी पेटीवरून कान काढला. मग त्याच अंधारात, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "कुणीतरी बटण दाबून धरलंय."

जननी कुजबुजली, "अप्पा."

"कोण ते बघू," ते म्हणाले. "बटण एकदा दाबून सोडलं, तर चालू होऊन चालू राहतो. दाबूनच धरलं, तर चार सेकंदांनी स्वतः बंद होतो आणि ते सोडेपर्यंत परत उठत नाही. याचं बटण कुणीतरी दाबतंय आणि सोडत नाही."

मग त्यांनी दिवा लावला आणि आम्हाला पुन्हा समोर बसवलं. मला वाटलं आता तिसरा प्रश्न येणार आणि मग हे उठून जाणार. पण ते दुसरंच बोलले.

"मी तेवीस वर्षांचा होतो. पापनाशमच्या बाजूला एक्स्चेंजात रात्रपाळी. एका रात्री जोडणीच्या पेटीवर कॉफी सांडली. तंजावूरची लाइन गेली. साहेब आले, सगळ्यांना विचारलं, कुणाचा हात लागला. नोकरी नवी होती. मी म्हटलं, माहीत नाही. दोन दिवस माणसं वीस मैल तारा तपासत फिरली." ते पिशवीची दोरी बोटाला गुंडाळत होते. "तिसऱ्या दिवशी सायकलवरून माणूस आला. माझी आई गेली होती. दोन दिवस घरचे फोन लावत होते. तिनं माझं नाव घेतलं, म्हणे. मी पोचलो तेव्हा चिता थंड झाली होती."

बाहेर देवळाचा लाउडस्पीकर सुरू झाला.

"हात कुणाचा लागला?" त्यांनी विचारलं. या वेळी कुणाकडेच न बघता.

"माझा," मी म्हणाले.

मग थांबलेच नाही. डबी, पाणी, कोपरा, पदर, न्हाणीघराची कडी. डबी कुणाची तेही, आणि मी ती उघडायला नको होती तेही. जननी माझ्याकडे बघत होती. सीतारामरावांनी ऐकून घेतलं, भिंग डोळ्याला लावलं, उजव्या कोपऱ्यातल्या बारीक पिनांवर बसवलेली पुढच्या बटणाची वायर हलकेच उपसली आणि जननीच्या तळहातावर ठेवली. तिच्या काळ्या टोकाच्या आत सुकलेलं लाल होतं. पिनांच्या बुडाशीही लाल, दगडासारखं घट्ट.

"सुकलं की वायरीला पिना लागू देत नाही, म्हणून दिवसा बटण दाबून उपयोग नाही. ओलं झालं की पिनांना एकमेकींशी जोडतं, म्हणजे बटण दाबून धरल्यासारखंच. लिंबाचा रस आणि तुरटी असते गे घरच्या कुंकवात, दवानं भिजलं की वीज जाते त्यातून." ते माझ्याकडे वळले. "आणि पोरी, बोट तुझं होतं म्हणून नाही. सुवासिनीचं असतं तरी हेच झालं असतं. पिनांना एवढं कळत नाही."

जननी उठली. "अकरा दिवस," ती म्हणाली. "अकरा दिवस मी इथे बसले, आणि तुला माहीत होतं!"

"हे असं असेल, हे माहीत नव्हतं."

"हात लावलास हे माहीत होतं ना? मी वेडी होते आहे ते दिसत होतं ना? मी त्यांच्याशी बोलत होते, अम्मा! कुंकवाशी बोलत होते!"

तिनं ती वायर माझ्या अंगावर फेकली आणि भिंतीकडे तोंड करून रडली. दोन वर्षांत तशी रडली नव्हती. वडील गेले त्या दिवशीही नाही, तेव्हा आलेल्यांना पाणी देत फिरत होती. मी जवळ गेले तर ढकललं. पुन्हा गेले. तिसऱ्यांदा ढकललं नाही.

सीतारामराव या सगळ्यात पाठ करून बसले होते. स्पिरिट आणि टूथब्रशनं एकेक पिन घासत होते. लाल पाणी पंच्याच्या टोकाला लागत होतं. वायर परत बसवली आणि सरकले. "दाब."

जननीनं नाक पुसलं आणि बटण दाबलं. एक बीप. चार सेकंद गेले, पाच, दहा. पडदा उजळला. तिची ड्रॉइंग्ज होती तशीच होती. मग तिनं टेबलावरचा टंबलर उचलून सीतारामरावांपुढे केला. गार झालेली कॉफी. काम संपलं होतं. त्यांनी ती एका दमात प्यायली.

निघताना त्यांनी हनुमंतरावांचा खण उघडायची परवानगी मागितली. पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर तिथेच होता. "चोर," म्हणाले, आणि तो छातीशी धरून जिना उतरले.

जननीनं सोमवारी ड्रॉइंग्ज दिली. आता ती अंथरुणात झोपते, जेवते, माझ्याशी भांडते. गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण मी त्यांना दारापर्यंत पोचवायला गेले होते. चपला घालताना त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला, मी काही बोलले नव्हते तरी. "कॅलेंडर पाहिलं मी," ते म्हणाले. "अकरा दिवस, एक रिकामा सोडला तर रोज चार त्रेपन्न. कुंकवानं चालू झालं, ते खरं. पण दव रोज त्याच मिनिटाला पडत नाही गे. मी चौतीस वर्षं लाइनीवर काढली. मला नाही माहीत." आणि रस्त्यावरच्या रांगोळ्या चुकवत, पाय जपून टाकत ते निघून गेले.

हे मी जननीला सांगितलं नाही. पोर नुकती सावरते आहे. रात्रीचा एक वाजून गेलाय, आणि हे मी देवनागरीत लिहिते आहे, कारण पुण्याला शिकायला गेले होते म्हणून मला ती येते आणि इथल्या तमिळ शाळेत शिकलेल्या आमच्या बहुतेक पोरांसारखी जननीला येत नाही. लिहायला बसले ते सीतारामरावांबद्दल. इथवर आल्यावर दिसतंय की मी पुन्हा एकदा पदरानं पुसते आहे.

आत्ता तिच्या खोलीचं दार वाजलं. पाणी प्यायला उठली आहे.

"अम्मा, झोपली नाहीस? काय लिहितेस?"

"सीतारामरावांबद्दल."

"मग वाचून दाखव की," म्हणत ती माझ्याशेजारी येऊन बसली आहे, माझ्या खांद्यावरून तिला न येणाऱ्या अक्षरांकडे बघते आहे. "पूर्ण वाच हं. मधलं गाळू नकोस."

हात माझा लागला आहे. वाचते.